सीओसीच्या नावाखाली ॲक्रिलिक गळ्यात मारलं, चिप बनवून घेणाऱ्यांनी वाचा

रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात मायक्रोफ्लुइडिक चिपसाठी (बारीक चॅनेलमधून थेंबभर द्रव फिरवणारी प्लास्टिकची पट्टी) सीओसी (सायक्लिक ओलेफिन कोपॉलिमर, एक पारदर्शक प्लास्टिक) शीट शोधत असाल आणि कोणी म्हणाला की शीट पण आमची, बाँडिंग (चिपचे दोन थर जोडणं) पण आम्हीच करून देतो, तर जरा दमानं घ्या. नाव लिहीत नाही कारण नोटीस गेलीय.

आमचा वागळे इस्टेटला छोटा गाळा आहे, पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवायची चाचणी) चिप बनवतोय. त्यात चिप सारखी ९५ डिग्रीपर्यंत तापते, त्यामुळे ॲक्रिलिक आधीच बाद, ते १०५ च्या आसपास मऊ पडतं आणि इतक्या काठावर काम करता येत नाही. पॉलिकार्बोनेट उष्णता सोसतं पण फ्लुरोसन्स (नमुन्याची चमक) मोजायला गेलं की स्वतःच चमकतं. पीडीएमएस म्हणजे सिलिकॉन रबर, त्यातून पाण्याची वाफ उडून जाते, कॉलेजच्या लॅबला ठीक आहे. म्हणून सीओसी, आणि त्यातही ग्रेड बघून, कारण ७८ डिग्रीला मऊ पडणारा पण मिळतो आणि १७८ वाला पण. आम्हाला १४० च्या जवळपासचा हवा होता.

आता गंमत बघा, सॅम्पल दिलं ते अस्सल सीओसी होतं. ॲसिटोनचा थेंब टाकला (ॲक्रिलिक त्यानं विरघळतं), ढिम्म काही झालं नाही. डेमो चिप पण प्रेसमध्ये तापवून जोडलेली, चॅनेल एकदम स्वच्छ. डेटाशीट मूळ कंपनीची. मग साठ टक्के ॲडव्हान्स दिला.

लॉट आला तो वरून तसाच दिसत होता, पण मायक्रोस्कोपखाली चॅनेलच्या कडा विरघळल्यासारख्या गोल आणि काही ठिकाणी इंद्रधनुष्यासारखी वलयं, म्हणजे तिथे दोन थर चिकटलेच नव्हते, मध्ये हवा. पहिल्या गरम रनलाच चिप वाकली आणि रंगीत पाणी या चॅनेलमधून त्या चॅनेलमध्ये. फोन केला तर म्हणे, "साहेब, तुमचा हीटर जास्त तापतोय." थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून बघितला, हीटर ९५ च्या वर जातच नव्हता.

खरं पकडलं ते रबाळ्याच्या लेझरवाल्यानं. जास्तीच्या शीट कापायला दिल्या होत्या, हा माणूस दिवसभर दुकानांच्या पाट्या कापतो, पहिल्याच कटला म्हणाला, "दादा, हे ॲक्रिलिक आहे ओ, हा वास रोज नाकात जातोय माझ्या." आम्ही ॲसिटोन टाकला, लगेच पांढरट चिकट डाग. मग बिल काढून बघितलं तर वर "ऑप्टिकल पॉलिमर शीट" असं भारदस्त नाव आणि एचएसएन कोड (बिलावरचा मालाच्या प्रकाराचा कोड) ३९२०५१, जो चक्क ॲक्रिलिक शीटचा कोड आहे!

बाँडिंगचं पण मग कळलं. तापवून जोडायचं तर प्रेसचं तापमान मऊ पडण्याच्या जरा खालीच धरून ठेवावं लागतं, थोडं वर गेलं की चॅनेल दबून बंद होतात, वेळ पण जातो. ॲक्रिलिकला क्लोरोफॉर्म (प्लास्टिक विरघळवणारं सॉल्व्हंट) फासला की काही मिनिटांत चिकटतं, तेच केलेलं. बरं ते सॉल्व्हंट आत राहिलं की प्लास्टिक अजून लवकर मऊ पडतं, म्हणजे ९५ ला टिकण्याचा प्रश्नच नव्हता. पैसे मात्र सीओसीचे आणि थर्मल बाँडिंगचे.

तर सॅम्पलवर जाऊ नका, लॉटमधला तुकडा स्वतः कापून घ्या. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवा आणि तुकडा टाका (वरची संरक्षक फिल्म काढून, बुडबुडे पुसून, नाहीतर काहीही तरंगेल). सीओसीची घनता १.०२ च्या आसपास, ते वर येतं, ॲक्रिलिक १.१८, ते तळाला बसतं. पॉलिस्टायरीन पण तरंगेल पण ते ॲसिटोनला टिकत नाही, म्हणून दोन्ही करायचं. ऑर्डरमध्ये ग्रेड आणि बाँडिंगची पद्धत लिहून घ्या, लॉट नंबरवाला सर्टिफिकेट मागा, आणि जो "ते नंतर मेल करतो" म्हणेल त्याला ॲडव्हान्स पण नंतरच द्या.

धंद्यासाठीची खरेदी म्हणून ग्राहक आयोगात जाणं अवघड आहे असं वकील म्हणाले, म्हणून नोटीस. त्यावर आता त्या सप्लायरचं म्हणणं असं की पैसे परत मिळणार नाहीत, क्रेडिट नोट देतो, त्यात पुढचा माल घ्या.