गळकी खिडकी: वरून सिलिकॉन की फ्रेममागे ब्यूटाइल टेप?
छोट्या ट्रॅव्हल ट्रेलरची (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराची) खिडकी गळू लागली की हात आधी फटी बुजवायच्या सिलिकॉनकडे जातो. काम झटपट होतं, प्रवासात पावसाने गाठलं तर तेवढाच आधार. पण फ्रेममागचा पाणी अडवणारा जुना, वाळून कडक झालेला थर तसाच राहतो. पाणी दुसरी फट शोधतं आणि भिंतीतलं लाकूड आतल्या आत कुजतं. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही.

खिडकी काढून, जागा खरवडून ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) लावणं कष्टाचं, दोघांचं काम. मात्र ही टेप मऊ राहते, हादरे सोसते. मी हीच निवडेन. स्क्रू सगळीकडून थोडे थोडे आवळा. आणि काहीही निवडा, फ्रेमच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका.