२००१ची माझदा मियाटा ट्रॅकवर: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी एमएक्स-५ या नावाने ओळखली जाणारी माझदाची दोन आसनांची, कापडी छताची ही छोटी गाडी मी सान होजे येथे ५,२०० डॉलरना घेतली, तेव्हा ती १,१८,००० मैल चाललेली होती. गेल्या चौदा महिन्यांत तिच्यावर आणखी ६,८०० डॉलर खर्च झाले असून, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आमच्या घरी आता नियमितपणे ऐकू येते. या काळात एकूण अकरा ट्रॅक दिवस, म्हणजे शर्यतीच्या मार्गावर स्वतःची गाडी चालवण्याचे दिवस, झाले. त्यांपैकी आठ कॅलिफोर्नियातल्या विलोज गावाजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर आणि तीन त्याच राज्यातल्या लगुना सेका ट्रॅकवर. शर्यतीचा परवाना मी अद्याप घेतलेला नाही, त्यामुळे हा अनुभव घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्याचा आहे, चाकाला चाक भिडवून धावणाऱ्याचा नव्हे.

इंजिनाला मी हात लावलेला नाही, हे आधीच सांगतो, कारण पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. या वर्षीच्या गाडीची शक्ती माझदाने प्रथम १५५ अश्वशक्ती जाहीर केली होती. नंतर तो आकडा १४२ वर आणावा लागला आणि ज्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले त्यांच्याकडून गाडी परत घेण्याची तयारीही कंपनीने दाखवली. सुमारे १,०८० किलो वजनाच्या गाडीला १४२ अश्वशक्ती शिकण्यापुरती पुरेशी आहे. शिवाय कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी धुराची तपासणी असते, तीत बॉनेट उघडून प्रत्यक्ष पाहणीही होते, आणि राज्याची मान्यता नसलेला टर्बो किंवा एक्झॉस्ट हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) दिसला की गाडी नापास होते. मला हीच गाडी रस्त्यावरून चालवत ट्रॅकवर न्यायची असल्यामुळे तो विषय तिथेच संपला.

पहिला खर्च ब्रेकवर झाला, आणि तो पहिल्याच दिवशी शिकलेल्या धड्यामुळे झाला. थंडरहिलच्या तीन मैलांच्या मार्गावर १४व्या वळणाआधी लांब सरळ पट्टा आहे. पाचव्या फेरीत त्या पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला, तर पेडल जवळजवळ तळाला जाऊन टेकले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि ते उकळून त्यात बुडबुडे झाले की पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी ते बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो. त्यानंतर मी कोरड्या, म्हणजे ओलावा न शोषलेल्या, अवस्थेत ३१२ अंश सेल्सियसला उकळणारे मोटुल आरबीएफ ६०० भरले आणि पुढे हॉक कंपनीचे डीटीसी-६० हे ट्रॅकचे पॅड बसवले. पुढची डिस्क मूळची, २५५ मिलिमीटरचीच आहे. इतक्या हलक्या गाडीला मोठी डिस्क लागते असे मला अकरा दिवसांत एकदाही वाटले नाही. या पॅडची खोड अशी की थंड असताना ते सिग्नलवर कर्कश किंचाळतात, आणि त्यांची लोहयुक्त धूळ चाकांवर ओली झाली की गंजून चिकटून बसते. म्हणून ट्रॅक दिवसाच्या आदल्या रात्री पॅड बदलणे आणि परतल्यावर पुन्हा रस्त्याचे पॅड घालणे हा आता नेमच झाला आहे. दोन्ही वेळी मिळून दोन तास जातात.

यानंतरचा प्रश्न उष्णतेचा होता आणि तो मला सर्वांत उशिरा कळला, कारण गाडीच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मुद्दामच सुस्त ठेवलेला आहे. पाण्याचे तापमान बरेच वर-खाली झाले तरी तो मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा सेन्सर बसवल्यावर जुलैमधल्या एका दुपारी, हवेचे तापमान ४० अंशांच्या आसपास असताना, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, ११३ अंशांवर गेलेले दिसले. याचे मूळ इंजिनाच्या वंशावळीत आहे. हे इंजिन मुळात माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आडवे बसवण्याच्या हिशेबाने घडवले होते. मियाटात ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना कूलंट बाहेर पडण्याची वाट मागून काढून पुढे आणली गेली, तर पंप आधीपासूनच पुढे आहे. त्यामुळे बरेचसे पाणी पुढच्या पुढेच वळसा घेते आणि केबिनच्या भिंतीलगतचा चौथा सिलिंडर सर्वांत गरम राहतो. यावरचा उपाय म्हणजे कूलंटची ही वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट पुन्हा इंजिनाच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला नेणे. हे काम मी स्वतः केले. अनुभवी माणसाला चार तास पुरतात म्हणतात, मला दोन शनिवार लागले, आणि हीटरच्या नळीजवळची जागा इतकी अरुंद आहे की मनगटे सोलून निघाली. त्याच वेळी कडांना तपकिरी पडलेला जुना प्लास्टिकच्या टाकीचा रेडिएटर काढून अॅल्युमिनियमचा घातला. पुढच्या ऑगस्टमध्ये तितक्याच उन्हात पारा ९८ अंशांच्या वर गेला नाही. संपूर्ण खर्चात सर्वाधिक समाधान देणारे काम हेच ठरले, जरी ते बाहेरून कोणाला दिसत नाही.

उघड्या छताच्या गाडीला बहुतेक आयोजक रोल बारशिवाय, म्हणजे गाडी उलटल्यास डोके वाचवणाऱ्या नळीशिवाय, ट्रॅकवर सोडत नाहीत. मी हार्ड डॉग कंपनीचा बार घेतला, पण केवळ बार बसवून भागत नाही. विंडशील्डच्या वरच्या कडेपासून बारपर्यंत झाडूचा दांडा आडवा ठेवतात आणि हेल्मेट घातलेले डोके त्याच्या खाली राहते की नाही ते पाहतात. माझी उंची पाच फूट अकरा इंच. पहिल्या तपासणीत मी सपशेल नापास झालो. मूळ सीटचा फोम कापून पाहिला, तरी अर्धा इंच कमीच पडला. शेवटी तळाला टेकणारी अरुंद बकेट सीट आणि सहा पट्ट्यांचा हार्नेस घ्यावा लागला, आणि त्यातून आणखी एक खर्च निघाला जो मी हिशेबात धरलाच नव्हता: चालकाला जो पट्टा असेल तोच शेजारी बसणाऱ्या प्रशिक्षकालाही हवा, असा नियम असल्यामुळे दुसरी सीट आणि दुसरा हार्नेसही आला. हार्नेस वापरायचा तर मान सांभाळणारे हॅन्स उपकरणही घ्यावेच, कारण खांदे घट्ट जखडले गेल्यावर धडकेत सगळा झटका मानेवर येतो.

सस्पेन्शनबाबत मी चूक केली. स्वस्त, उंची कमी-जास्त करता येणारा एक संच घेतला आणि गाडी दिसायला छान म्हणून फार खाली आणली. मियाटाच्या सस्पेन्शनला वर-खाली होण्यास मुळातच जागा थोडी असते. थंडरहिलच्या नवव्या वळणावर, जिथे चढ संपेपर्यंत पलीकडचे काही दिसत नाही, गाडी रबरी अडसरांवर आपटून अचानक आडवी सरकली. तिसऱ्या ट्रॅक दिवसानंतर मागचा एक शॉक अॅब्सॉर्बर गळू लागला आणि विक्रेत्याने ट्रॅकवरचा वापर वॉरंटीत बसत नाही असे कळवले. त्यानंतर एका शर्यतपटूकडून स्पेक मियाटा (एकसारख्या मियाटांच्या शर्यतींच्या) वर्गात अनेक वर्षे वापरला गेलेला बिलस्टाइनचा जुना संच घेतला. त्याच्या स्प्रिंग पुढे ७०० आणि मागे ३२५ पौंड प्रति इंच आहेत. पुढच्या चाकांना तीन अंश ऋण कॅम्बर, म्हणजे वरची कड आत कलती, दिल्यावर टायरची बाहेरची कड खरवडून जाणे थांबले. थंडरहिलच्या डावीकडे जाणाऱ्या लांबच लांब दुसऱ्या वळणावर आधी ती डोळ्यांदेखत संपत असे.

टायर हॅन्कूकचे आरएस-४ आहेत, १५ इंची चाकांवर २२५ रुंदीचे. पकड उत्तम आणि टिकतातही, परंतु त्या पकडीचा भार हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) बेअरिंगवर पडतो. आठव्या दिवसानंतर चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले, तर पुढच्या उजव्या बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलेला होता. आता प्रत्येक दिवसाआधी ही तपासणी करतो, आणि प्रत्येक सत्रानंतर टॉर्क पाना घेऊन चाकांचे नट तपासतो.

थंडरहिलवर माझी पहिल्या दिवसाची सर्वोत्तम फेरी २ मिनिटे २६ सेकंदांची होती, आताची २ मिनिटे १२ सेकंदांची आहे. या चौदा सेकंदांपैकी सहा तरी जुने टायर आणि जुने सस्पेन्शन असतानाच, केवळ प्रशिक्षकाच्या शेजारी बसण्याने कमी झाले होते. लगुना सेकावर ही गाडी जास्त आवडते. आठव्या वळणावर चढाच्या माथ्यावर ब्रेक दाबून जमीन पायाखालून सुमारे १८ मीटर खाली जाताना शक्ती कमी असल्याचे दुःख राहत नाही. तिथे आवाजही मोजला जातो, पण मूळ सायलेन्सर न काढल्यामुळे ट्रॅकवरून बाहेर बोलावणारा काळा झेंडा मला दिसलेला नाही.

याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. संध्याकाळी छत उघडून समुद्राकाठी फेरफटका मारावा म्हणून घेतलेली गाडी आता त्या कामाची राहिलेली नाही. डोक्यामागे लोखंडी नळी आहे आणि तिच्यावर जाड पॅडिंग असले तरी हेल्मेटशिवाय तिच्याशेजारी बसणे मला धोक्याचे वाटते, म्हणून रस्त्यावर मूळ सीट व मूळ पट्टाच लावतो. सान होजेपासून थंडरहिलपर्यंतचे सुमारे तीन तास कानात बोळे घालून काढावे लागतात, आणि पत्नी एकदा सोबत आली ती परत येताना मित्राच्या गाडीत बसली. विम्याचेही लक्षात ठेवावे: नेहमीची पॉलिसी ट्रॅकवरचे नुकसान भरत नाही, त्या दिवसापुरता वेगळा विमा घ्यावा लागतो.

एसी काढून टाकावा असे अनेकांनी सुचवले होते. मी काढला नाही, आणि विलोजमधल्या जुलैत संध्याकाळी परत निघताना त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. स्टेपनी आणि जॅक मात्र ट्रॅकवर उतरण्याआधी बाहेर काढतो. तेवढे वजन रोल बारने केव्हाच परत भरून टाकले आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा लगुना सेका आहे. डाव्या हबचा आवाज गेल्या वेळी किंचित बदललेला वाटला, म्हणून नवा हब आणि २९ मिलिमीटरचा सॉकेट आतापासूनच डिकीत ठेवला आहे.