समुद्राकाठचे रस्ते: कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, स्कॉटलंड, इटली की क्रोएशिया?

नकाशावर हे पाचही रस्ते सारखेच दिसतात. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधून नागमोडी रेघ. प्रत्यक्षात एकावर समोरून बस आली की गाडी मागे घ्यावी लागते, एकावर तासाला ४० किलोमीटरही पडत नाहीत आणि एक तर तुमचं विमानाचं तिकीट काढून झाल्यावर दरड कोसळून महिनोन् महिने बंद राहू शकतो. म्हणून फोटो थोडा वेळ बाजूला ठेवून चार गोष्टींवर तुलना करू: दिवस किती हवेत, चालवणाऱ्याला ताण किती, रस्ता कशामुळे बंद पडतो आणि बंद पडला तर दुसरी वाट आहे का.

त्याआधी दिशा ठरवा. बुकिंग झाल्यावर ती उलटी करणं महागात पडतं. गाड्या डावीकडून चालणाऱ्या देशात समुद्र डाव्या हाताला राहील असं निघायचं, उजवीकडून चालणाऱ्या देशात उजव्या हाताला. मग तुमची लेन पाण्याच्या बाजूची असते, शेजारी बसलेल्याला अख्खा समुद्र दिसतो, आणि मुख्य म्हणजे व्ह्यू पॉइंटला वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. वळणावर, मागे गाड्यांची रांग असताना पलीकडे वळायला जाणं, हीच या रस्त्यांवरची सगळ्यात धोक्याची हालचाल. कॅलिफोर्नियात म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट ओशन रोडवर टॉर्कीहून पश्चिमेकडे, स्कॉटलंडमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, इटलीच्या अमाल्फीत सोरेंटोकडून सालेर्नोकडे आणि क्रोएशियात वरून खाली. बरोबरच्या कुणाला उंचीची भीती असेल तर मात्र नेमकं उलटं करा. दरी एक लेन लांब जाते.

कॅलिफोर्नियाचा हायवे १ की ग्रेट ओशन रोड?

बहुतेकांचं अडतं ते इथेच. दोन्ही चांगले दुपदरी रस्ते आहेत, नवख्यालाही जमतील असे. फरक जमिनीचा आहे.

कॅलिफोर्नियात खरा माल आहे तो बिग सरमध्ये, म्हणजे कार्मेल ते सॅन सिमियन या साधारण १४५ किलोमीटरमध्ये. न थांबता तीन तास, थांबत गेलात तर पूर्ण दिवस. सांता लुसिया डोंगर इथे थेट समुद्रात उतरतो आणि रस्ता त्याच्या उतारावर कोरलेला आहे. बिक्स्बी पूल १९३२चा, अख्खा रस्ता १९३७मध्ये खुला झाला. ज्या ठिसूळ, उभ्या उतारामुळे तो इतका देखणा आहे, त्याच उतारामुळे तो पडतो. मे २०१७मध्ये मड क्रीकला डोंगराचा मोठा भाग रस्त्यासकट समुद्रात गेला आणि तो तुकडा जुलै २०१८मध्ये परत सुरू झाला. २०१७मध्येच फायफर कॅन्यनचा पूल पाडून नवा बांधावा लागला. २०२३ आणि २०२४मध्ये पुन्हा दरडी आल्या, शिवाय मार्च २०२४मध्ये रॉकी क्रीकजवळ एक लेनच ढासळली.

रस्ता मधेच बंद असला तर आडवाटा जवळजवळ नाहीत. डोंगर ओलांडणारा नासिमिएंतो-फर्ग्युसन हा एकच अरुंद रस्ता, तोही अधूनमधून बंद. खरा वळसा म्हणजे डोंगरापलीकडचा १०१ क्रमांकाचा महामार्ग. तेव्हा कॅलट्रान्सचा, म्हणजे तिथल्या राज्याच्या रस्ते खात्याचा, क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा दोनदा बघा, मुक्काम बुक करण्याआधी आणि निघायच्या दिवशी सकाळी. गूगल मॅप्सवर विसंबून निघालात तर बॅरिकेडपाशी पोहोचल्यावर कळेल, कारण मधल्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि टाकी कार्मेलला किंवा कॅम्ब्रियाला भरा. मधल्या मोजक्या पंपांवर पेट्रोल बरंच महाग असतं. जून ते ऑगस्टमध्ये सकाळचं धुकं दुपारपर्यंत हटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात स्वच्छ.

ग्रेट ओशन रोड २४३ किलोमीटरचा, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधलेला. जाहिरातीत एक गोष्ट सांगत नाहीत: हा रस्ता सगळीकडे समुद्राकाठानं जात नाही. टॉर्की ते अपोलो बे बहुतेक पाण्याला चिकटून. तिथून तो ऑटवेच्या जंगलात आत शिरतो आणि समुद्र पुन्हा नीट भेटतो तो प्रिन्सटाउनजवळ. पुढचा पोर्ट कॅम्पबेलचा तुकडा चुनखडीच्या कड्यांचा, पण तिथे कडे रस्त्यावरून दिसत नाहीत. गाडी पार्किंगला लावून चालत जावं लागतं. मेलबर्नहून एका दिवसात जाऊन येणारे ‘बारा अपॉसल्स’पाशी उन्हाच्या भरात पोहोचतात, आणि तेव्हा ते सुळके सपाट पिवळे दिसतात. (नाव बारांचं असलं तरी बारा कधीच नव्हते, जुलै २००५मध्ये त्यातलाही एक कोसळला.) दोन मुक्काम करा, एक अपोलो बेला, एक पोर्ट कॅम्पबेलला. म्हणजे संध्याकाळ आणि पहाट दोन्ही हाती लागतात. अंधारात मात्र गाडी चालवू नका, कांगारू रस्त्यावर येतात. परतताना कोलॅकमार्गे आतला प्रिन्सेस हायवे घ्या. किनाऱ्याचा एखादा तुकडा बंद असला तरी आतल्या रस्त्यानं पुढे जाता येतं, म्हणून ठरलेल्या तारखांना हमखास जमणारी ट्रिप हवी असेल तर आमचं मत ग्रेट ओशन रोडला. दृश्य म्हणून बिग सर एक पायरी वर आहे, पण तारखा पुढे-मागे करता येत असतील तरच.

स्कॉटलंडचा नॉर्थ कोस्ट ५००

इनव्हरनेसहून निघून तिथेच परत, ८३० किलोमीटर. नाव २०१५चं, रस्ते जुनेच. तीन दिवसांत ‘पूर्ण’ करता येतो. पण मग दिसतं ते फक्त डांबर. सात दिवस हवेत. पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावर बराच रस्ता एकेरी आहे, म्हणजे एकाच गाडीच्या रुंदीचा, आणि ठरावीक अंतरावर बाजू द्यायला फुगवटे, ‘पासिंग प्लेस’. नियम सोपे आहेत, चुकतात तेच ते. फुगवटा तुमच्या डावीकडे असेल तर त्यात शिरून थांबा. उजवीकडे असेल तर त्याच्यासमोर आपल्या जागीच थांबा आणि समोरच्याला त्यात शिरून जाऊ द्या. उजवीकडच्या फुगवट्यात घुसू नका. चढ चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. मागे कुणी अडकलं असेल तर फुगवट्यात थांबून त्याला पुढे काढा. स्थानिकांचा राग सगळ्यात जास्त याच गोष्टीचा. फोटोसाठी तिथे गाडी लावायची नाही.

नुकसान होतं ते बहुधा टायरचं. बाजू देताना डावं चाक डांबरावरून खाली उतरतं, कडेला तुटलेल्या डांबराची धार असते, आणि टायरची बाजूची भिंत फाटते. तिथे पंक्चर काढता येत नाही, टायरच बदलावा लागतो. भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ बहुधा धरलेले नसतात. करार वाचा आणि स्टेपनी आहे की नुसता फुगवायचा किट आहे, हे गाडी ताब्यात घेतानाच बघा.

अ‍ॅपलक्रॉसकडे जाणारा बेलाख ना बा घाट समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरवर चढतो, चढ काही ठिकाणी पाचास एक. सुरुवातीलाच पाटी आहे: शिकाऊ चालक आणि मोठ्या गाड्यांनी जाऊ नये. कॅम्परव्हॅन असेल तर शील्डेगकडून किनाऱ्यानं जा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, दुसरा गियर पुरे. करपल्याचा वास आला तर फुगवटा गाठून ब्रेक थंड होऊ द्या. टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपावर भरायची. मे किंवा सप्टेंबर बरा. मधल्या महिन्यांत मिज नावाचे बारीक चावरे कीटक संध्याकाळी बाहेर बसू देत नाहीत.

चारच दिवस असतील तर पूर्व किनारा सरळ सोडा. अ‍ॅपलक्रॉस, उलापूल, डर्नेस आणि लेर्गवरून परत.

अमाल्फी की क्रोएशिया?

अमाल्फीचा एसएस १६३ जेमतेम ५० किलोमीटर, आणि या पाचांत चालवायला सगळ्यात वाईट. रस्ता एकोणिसाव्या शतकात बांधलेला, रुंदी त्या काळच्या वाहनांपुरती. वळणावर बस आली की तिच्या मागच्या चाकांना वळायला तुमची लेन लागते, मग तुम्ही मागे, तुमच्यामागचा त्याच्याही मागे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आणि अख्ख्या ऑगस्टमध्ये सकाळी १० ते संध्याकाळी ६ सम-विषम नंबर प्लेटचा नियम लागतो. त्या वर्षीचा आदेश आणि सवलती मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. युरोपीय संघाबाहेरचा परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय परवानाही जवळ हवा. पार्किंगच्या पिवळ्या रेषा राखीव, निळ्या पैसे भरून, पांढऱ्या फुकट. पांढऱ्या सापडणार नाहीत. स्पष्टच सांगायचं तर एप्रिल ते ऑक्टोबर गाडी सालेर्नोत ठेवा आणि बोटीनं जा. हा किनारा पाण्यातूनच जास्त चांगला दिसतो. हिवाळ्यात बोटी जवळपास नसतात, पण रस्ता मोकळा असतो. चालवायचाच हट्ट असेल तर तेव्हा, आणि मिळेल ती सगळ्यात छोटी गाडी घेऊन.

क्रोएशियाचा डी ८ याच्या अगदी उलट. रिएकाहून डुब्रोव्हनिकपर्यंत सुमारे ६०० किलोमीटर, समोर बेटांची रांग, रस्ता रुंद, आणि घाई झाली तर बऱ्याच अंतरापर्यंत डोंगरामागे समांतर ए १ महामार्ग. पाच-सहा दिवस द्या. अडचण एकच, बुरा नावाचा वारा. वेलेबिट डोंगरावरून थंड हवा घसरत खाली येते आणि सेन्य ते मास्लेनित्सा पट्ट्यात गाडी लेनमधून ढकलण्याइतका जोर धरते. आधी दुचाक्या, कॅरॅव्हॅन आणि उंच गाड्या थांबवतात, वारा वाढला की सगळ्यांनाच. हिवाळ्यात हे नेहमीचं, उन्हाळ्यात क्वचित. जुलै २०२२पासून पेल्येशाट्सचा पूल झाल्यानं बोस्नियाची हद्दही ओलांडावी लागत नाही. भाड्याच्या गाडीच्या कागदपत्रांची एक कटकट गेली.

दोन तुकडे जाता-जाता. नॉर्वेचा अटलांटिक रोड ८.३ किलोमीटरचा, आठ पूल, दहा मिनिटांत संपतो. त्या भागात असाल तर वादळी दिवशी जा, पण फक्त त्याच्यासाठी नॉर्वे नको. केपटाउनचा चॅपमन्स पीक ९ किलोमीटर आणि ११४ वळणं, टोल लागतो. नॉर्डहूककडून हाउट बेकडे चालवा, म्हणजे समुद्र तुमच्या बाजूला. दगड पडायला लागले की तो बंद करतात, मग कॉन्स्टँशिया नेक आणि ओऊ कापसे वेगवरून वळसा.