टाचदुखीवर हील कप, एमसीआर चप्पल, स्प्लिंट आणि व्यायाम: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, तपशील नंतर. टाचदुखीसाठी मी गेल्या चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) चार गोष्टी सुरू केल्या: बुटात टाचेखाली ठेवायचे सिलिकॉनचे हील कप, घरात घालायची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल, रात्री पायाला बांधायचा स्प्लिंट आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. त्यांतली चप्पल आणि व्यायाम आजही चालू आहेत. कप गरजेपुरता वापरते. स्प्लिंट आता कपाटात आहे, पण त्याने आपलं काम केलं.

माझी नोकरी उभ्याची. गोव्यात डिचोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात टाइल्स, घरी टाइल्स, आणि घरात चप्पल घालायची आपल्याकडे पद्धत नाही. आजीच्या घरची शेणाने सारवलेली जमीन पायाला सोसायची, ही गुळगुळीत कडक फरशी सोसत नाही. त्यात चवथ आली. दिवसभर ओट्यापाशी उभं राहून पंचखाद्य, नेवऱ्या, खतखतं, आणि रात्री आरत्या झाल्यावर अनवाणी फुगड्या. विसर्जनानंतरच्या आठवड्यात सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेतून अशी कळ यायची की भिंत धरावी लागे. चार पावलं चालल्यावर कमी व्हायची, दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच.

डॉक्टरांनी अंगठ्याने टाचेच्या तळाला, आतल्या बाजूला दाबलं आणि मी ओरडलेच. निदान प्लांटर फॅशिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टी असते, ती पायाची कमान धरून ठेवते. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टी आखडते, आणि सकाळचं पहिलं पाऊल तिला एकदम ताणतं. पोटऱ्या आखडलेल्या असल्या, वजन वाढलेलं असलं, कडक जमिनीवर तासन्‌तास उभं राहावं लागत असलं की तिच्यावर जास्त भार येतो. नावातल्या 'आयटिस'चा अर्थ सूज असला तरी जुनाट दुखण्यात मुख्यतः पट्टीच्या तंतूंची झीज झालेली असते, म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं.

एक्स-रेमध्ये माझ्या टाचेला बारीकसा काटा दिसला. आमच्या वाड्यावर लगेच 'हाड वाढलंय, ऑपरेशन करावं लागणार' सुरू झालं. असा काटा काहीही दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या टाचेत असतो. माझा काटा आजही तिथेच असणार, दुखणं मात्र गेलं.

आता वस्तूंकडे वळते.

हील कप साधारण तीनशे रुपयांना मिळाले. बंद बुटात उत्तम बसतात, उघड्या सँडलमध्ये पाय पुढे सरकतो. दुखतो एकच पाय तरी दोन्हीकडे घालायचे, नाहीतर एक टाच उंच राहते आणि कंबर कुरकुरते. घामाने चिकट होतात, त्यावर धूळ बसते, रोज साबणाने धुवावे लागतात. आपल्या दमट हवेत हे काम टळत नाही. पहिल्या दिवसापासून आराम वाटतो, पण कप काढून ठेवले की तो संपतो.

एमसीआर चप्पल ही माझ्या मते सगळ्यात शहाणी खरेदी. हे मऊ स्पंजासारखं रबर कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांच्या चपलांसाठी आपल्या देशात कित्येक वर्षं वापरात आहे, मधुमेहींनाही तेच सांगतात. वरचा थर मऊ आणि खालचा तळ टणक असावा; दुकानात अंगठ्याने दाबून बघा, दाब काढल्यावर रबर लगेच वर आलं पाहिजे. मी चामड्याचे पट्टे मुद्दाम टाळले, कारण पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते हे गोव्यात कोणाला सांगायला नको. तक्रार एकच: ओल्या फरशीवर ही चप्पल घसरते, म्हणून न्हाणीघराच्या दारात काढून ठेवते. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात आणि माप बरोबर मिळतं. सासूबाईंना सुरुवातीला घरात चप्पल रुचली नाही. ही जोडी उंबऱ्याबाहेर कधी जात नाही आणि देवाच्या खोलीपाशी काढून ठेवते, हे बघितल्यावर त्यांनीच स्वतःसाठी एक मागवली.

स्प्लिंट पाऊल नव्वद अंशांत धरून ठेवतो, म्हणजे रात्री पट्टी आखडत नाही. सकाळचं पहिलं पाऊल खरोखर हलकं पडलं. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात ते जाड प्लॅस्टिक आणि वेल्क्रो पायावर घेऊन झोपणं अवघड आहे, मध्यरात्री जाग येतेच. सकाळची कळ फारच तीव्र असेल तरच हजार-दीड हजार घाला.

आणि व्यायाम. यावर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण बाकी सगळं दुखणं सांभाळतं, पट्टीला बळ इथूनच येतं. पहिला अंथरुणातच, पाय जमिनीला लावायच्या आधी: दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तळवा चाचपा. पट्टी तारेसारखी ताणलेली लागली म्हणजे बरोबर जमलं. 10 सेकंद धरायचं, 10 वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, एकदा गुडघा सरळ आणि एकदा वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि खालचा स्नायू गुडघा वाकवल्यावरच नीट ताणला जातो. तिसरा जड आहे. पायरीच्या कडेवर चवडा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, टाच हवेत. 3 सेकंदांत वर, 2 सेकंद थांबायचं, 3 सेकंदांत खाली. असं 12 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2014 साली हाच व्यायाम नुसत्या ताणाशी ताडून पाहिला होता. तीन महिन्यांनी तो सरस ठरला, वर्षाने दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे लवकर बरं व्हायचं असेल तर हा करावा. मी घराच्या सोप्याच्या (ओसरीच्या) पायरीवर खांब धरून करते. पहिले दोन आठवडे फरक दिसत नाही, पोटऱ्या मात्र दुखतात. तिथेच बहुतेक जण सोडतात. तेवढे दिवस काढा. मला महिन्याभरात सकाळचा फरक कळला आणि शिगम्यापर्यंत वर्गात पूर्ण दिवस उभी राहू लागले.

संध्याकाळी फ्रीझरमधली गोठलेली पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटं फिरवते. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला संवेदना कमी आहे त्यांनी बर्फ किंवा गरम शेक स्वतःच्या मनाने घेऊ नये, चटका बसलेलाही कळत नाही.

माझ्या वहिनीने स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. काही आठवडे छान गेले, मग दुखणं परतलं. इंजेक्शनचा उपयोग तेवढ्या काळापुरताच धरावा. वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा आणि क्वचित पट्टीच तुटण्याचा धोका असतो. सहा महिने व्यायाम करूनही उतार पडला नाही तर शॉकवेव्ह उपचाराबद्दल (टाचेवर बाहेरून लहरींचे धक्के देतात तो) विचारता येतं. शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात तिच्याशिवाय जातं.

पण माझा अनुभव वाचून थेट खरेदीला जाऊ नका, कारण प्रत्येक टाचदुखी म्हणजे प्लांटर फॅशिआयटिस नव्हे. टाचेच्या मधोमध ठेच लागल्यासारखं दुखतं आणि कडक जमिनीवर वाढतं, तर ती चरबीची गादी झिजल्याची खूण असू शकते. टाचेच्या मागे दुखत असेल तर अकिलीस कंडरा (पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारी) बघावी लागते. रात्री जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस किंवा साखर. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखली तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते, तिथे माझा पायरीवरचा व्यायाम नुकसानच करील. तिशीच्या आतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी पाठ बराच वेळ आखडलेली असते, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं. पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल होऊन सुजला तर युरिक ॲसिड तपासून घ्यावं, तरी गाऊटच्या (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या) झटक्यात ते कधी कधी नॉर्मलही येतं. आमच्या शाळेतली फुटबॉल खेळणारी दहा-बारा वर्षांची मुलं टाच धरून बसतात, त्यांचं बहुधा वाढत्या हाडाच्या टोकाशी दुखतं. थोडे दिवस खेळ कमी केला आणि बुटात मऊ गादी घातली की ती बरी होतात, त्यांना घाबरवू नये.