फॉस्टरचा टारझन घ्यावा की हॉगार्थचा?

अमेरिकन वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या टारझन चित्रमालिकेची २ मे १९३७ आणि ९ मे १९३७ ही रविवारची दोन पानं शेजारी ठेवून पाहा. पहिलं हॅल फॉस्टरचं शेवटचं, दुसरं बर्न हॉगार्थचं पहिलं. गोष्ट तीच पुढे चालू राहते, चित्रकार मात्र बदललेला. तरी फरक पटकन जाणवत नाही, कारण हॉगार्थने सुरुवातीला फॉस्टरचीच शैली गिरवली. अस्सल हॉगार्थ हवा असेल तर १९४० नंतरची पानं काढा.

फॉस्टर चित्रमालिकांकडे वळण्याआधी कॅनडाच्या रानात शिकारी आणि वाटाड्या म्हणून राबलेला माणूस. आफ्रिकेचं जंगल त्याच्या ओळखीचं नव्हतं, पण झाडाला वजन असतं हे त्याला ठाऊक होतं. त्याचा टारझन फांदीवर उतरतो तेव्हा गुडघा वाकतो, पायाची बोटं सालीला धरतात आणि मेलेला सिंह खरोखर जड दिसतो. संवादाचे फुगे नाहीत. मजकूर चौकटीतच छापलेला. त्यामुळे चित्र शांतपणे पाहता येतं, पण भराभर पानं उलटायची सवय असलेल्याला ते संथही वाटेल.

हॉगार्थकडे शांतता नावालाही नाही. मुळं दोरखंडासारखी पिळलेली, वेली सापासारख्या, हाताची बोटं फाकलेली, सगळं पान ताणलेलं. एक खोड मात्र दिसली की दिसतच राहते: दंड वाकवताना पुढचा स्नायू फुगला की मागचा सैल पडायला हवा, हॉगार्थ दोन्ही फुगवतो. शरीररचनेवर त्याने पुढे १९५८ मध्ये ‘डायनॅमिक अ‍ॅनाटॉमी’ लिहिलं, तेव्हा हे अज्ञान नव्हे, हौस आहे. आवडली तर वेड लावते. नाही आवडली तर चौथ्या पानावर दमायला होतं.

आफ्रिकी माणसांचं चित्रण दोघांचंही त्या काळच्या वसाहतवादी नजरेचं आहे. घरात मुलं हीच पानं चाळणार असतील तर हे आधी लक्षात घ्या.

आता खरेदीचं. हाताने काढलेली मूळ चित्रं बहुतेकांच्या खिशाबाहेरची, तेव्हा निवड उरते ती वर्तमानपत्राचं जुनं छापील पान आणि पुनर्मुद्रण यांत. आमचं मत सरळ आहे: फॉस्टर पुनर्मुद्रणात घ्या, हॉगार्थ जुन्या पानात. फॉस्टरच्या चौकटी लहान आणि रेघ बारीक. रंगाचा ठसा जरा सरकला की चेहरा गिचमिड होतो. डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशनाचे १५ × २० इंची खंड त्याच्यासाठीच योग्य. हॉगार्थची जाड काळी रेघ मात्र वाईट छपाईतही टिकते, आणि पिवळट कागदावर तर तिला वेगळीच धार चढते.

जुनं पान घेताना तारीख आधी वाचा. १९४५ अखेर ते १९४७ मधली पानं रूबेन मोरेराची आहेत, सही ‘रुबिमोर’. ‘चाळीसच्या दशकातला हॉगार्थ’ म्हणून तीही गळ्यात मारली जातात. दुसरं, आकार विचारा. तोच रविवार कुठे पूर्ण पानावर, कुठे टॅबलॉइडवर, म्हणजे साधारण निम्म्या पानावर, छापला जाई. लहान आकारात चित्राची बारकी कामं मारली जातात.

नक्कल ओळखायला १० पट भिंग आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पुरे. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके स्पष्ट, रांगेत दिसतात. पान उलटा: मागे दुसरी व्यंगचित्रमालिका किंवा जाहिरात असायला हवी, कोरी पाठ म्हणजे संशय. टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात पांढरेपणा आणणारं रसायन आहे, म्हणजे कागद नंतरचा. न चमकणं हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नाही, कारण आजच्या वृत्तपत्री कागदातही ते रसायन बऱ्याचदा नसतं.

हा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेडात पिवळं पडतं आणि आम्लाने कागद ठिसूळ होतो. पान मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून, आडवं ठेवा. पीव्हीसीची पिशवी नको, लॅमिनेशन तर नकोच. ते काढता येत नाही. फ्रेम करायची झाल्यास काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, लावा, काच अतिनील किरण अडवणारी घ्या.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात खरा शत्रू बुरशी आणि कसर. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सिलिका जेलच्या पुड्या दमट झाल्या की बदला. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका: काही वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा तपकिरी डाग कागदातच राहतो. मधल्या घडीवर इस्त्री तर मुळीच फिरवायची नाही. कोरडा पडलेला कागद तिथेच दुभंगतो, आणि टारझन बहुतेक वेळा नेमका घडीवरच असतो.