मर्सिडीज ई 250 डी : बदललेल्या इंजिनाचे चौदा महिने

माझ्या 1996 च्या ई 250 डी मध्ये, म्हणजे पुण्यात जुळणी झालेल्या डब्ल्यू 124 पिढीच्या गाडीत, गेल्या वर्षी दुसरे इंजिन बसवले. त्यावर आता सोळा हजार किलोमीटर झाले आहेत. तिच्या पाच सिलिंडरच्या ओएम 605 या डिझेल इंजिनाची ओळख ही गाडी बाळगणाऱ्यांना नव्याने करून द्यायला नको.

मूळ इंजिन जालना रस्त्यावर गेले. हेड (सिलिंडरवरचे झाकण) वाकले, त्याखालचे गॅस्केट फुटले आणि ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर ऑइलऐवजी दुधाळ चहासारखे काहीतरी लागले, म्हणजे ऑइलात पाणी मिसळले होते. इंजिनाचे वय झाले, असे मी तेव्हा ठरवून टाकले. आमच्या मिस्त्रीने स्वस्तातला उपाय सुचवला, "साहेब, ट्रॅक्सचं टाकून देऊत, ते बी मर्सिडीजचंच हाय." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेले ओएम 616 इंजिन आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या ट्रॅक्स जीपमध्ये वर्षानुवर्षे धावले आणि ते खोलू शकणारा माणूस प्रत्येक तालुक्याला सापडतो. खर्च निम्म्यावर येणार होता, त्यामुळे दोन रात्री मी हिशेब मांडत बसलो. परंतु 113 अश्वशक्तीच्या जागी सत्तरच्या आसपासचे चार सिलिंडरचे इंजिन बसवले, तर ही गाडी घेण्याचे कारणच उरत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मुळे आरसीवरील नोंदींशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून 85,000 रुपयांना त्याच जातीचे ओएम 605 आणले. वाहतूक आणि बसवणी यांचे 38,000 वेगळे झाले. नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवण्यासाठी घातलेल्या खेपा मोजण्याचे मी सोडून दिले आहे.

तीन आठवड्यांनी तुळजापूरला निघालो असता मांजरसुंब्याच्या घाटात तापमानाचा काटा 80 सोडून 100 च्या पुढे सरकला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि भर मे महिन्यात हीटर पूर्ण सोडला, कारण हीटरचा कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. पायांवर भट्टीचा वारा येत होता, मागच्या सीटवर आई पदराने वारा घेत होती आणि काटा मात्र हळूहळू उतरत होता. त्याच संध्याकाळी कुर्ल्याच्या व्यापाऱ्याला फोन करून मी नको ते बोललो.

ते बोलणे मला मागे घ्यावे लागले. मिस्त्रीने रेडिएटर उतरवून त्याची टाकी खोलली, तेव्हा गिझरच्या कॉइलवर बसते तशी पांढरी खापरी नळ्यांच्या तोंडाशी जमलेली दिसली आणि निम्म्याहून अधिक नळ्यांत तारसुद्धा जाईना. ही करणी माझीच होती. कूलंटचे पैसे वाचवण्यासाठी सहा वर्षे मी घरच्या बोअरचे पाणी ओतत आलो होतो. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे घरात सर्वांना माहीत होते. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असलेले इंजिन असे तापले की आधी हेडच वाकते. म्हणजे पहिले इंजिन वयाने गेलेच नव्हते. आणि एक लाख तेवीस हजार खर्चून मी दुसरेही त्याच चोंदलेल्या रेडिएटरमागे बसवले होते! नवा रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि सर्व होज मिळून 22,000 रुपये लागले. हे काम आधी केले असते, तर बाकीचा खर्च कदाचित झालाच नसता.

त्यानंतर मात्र काटा घाटातही 90 च्या वर गेलेला नाही. महामार्गावर लिटरला तेरा किलोमीटर मिळतात आणि शंभरच्या वेगातही मागच्या सीटशी आवाज न चढवता बोलता येते. टायमिंग चेनचा आवाज नाही. डिक्कीत डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन कायम असतो आणि पंपावरचा पोरगा बादली घेऊन आला की मी स्वतः बॉनेटपाशी जाऊन उभा राहतो.

तक्रार एकच उरली आहे. डिसेंबरच्या पहाटे इंजिन चार सिलिंडरवर सुरू होते आणि पाचवा जागा होईपर्यंत अर्धा मिनिट गाडी थरथरते. एक ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारा प्लग, मेला आहे, पण काढताना तो हेडमध्येच तुटण्याची भीती असल्याने मिस्त्री त्याला हात लावत नाही आणि मीही आग्रह धरत नाही.