फाइफचे गोल्फ कोर्स : एप्रिल ते ऑक्टोबर वापरल्यानंतर

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स एकदा खेळावा, न्यू कोर्स तीनदा, आणि इली गावचा कोर्स जमेल तितक्या वेळा. स्कॉटलंडच्या फाइफ भागात एप्रिल ते ऑक्टोबर असा अख्खा हंगाम काढल्यावर एवढं मत पक्कं झालं. कार्डावर छापलेल्या यार्डांच्या भरवशावर मात्र कुठलंच मत बनवता येत नाही, कारण वारा फिरला की सकाळी 9 आयर्ननं (आयर्न म्हणजे लोखंडी काठी; नंबर जितका लहान तितका चेंडू लांब) गाठलेलं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची आखूड हिरवळ, संध्याकाळी 5 आयर्नलाही दाद देत नाही.

आधी जमिनीचं सांगायला हवं, कारण भारतातून आलेला खेळाडू पहिले दोन-तीन राउंड तिथेच मार खातो. पुण्या-मुंबईकडचं गरम हवेतलं बर्म्युडा गवत चेंडूला उशीवर ठेवल्यासारखं वर धरतं. इथलं फेस्क्यू सुईसारखं बारीक, कापलेलं अगदी आखूड, आणि त्याच्याखाली पावसाचं पाणी पिऊन पुन्हा कोरडी होणारी घट्ट वाळू. चेंडू जमिनीला चिकटून बसतो. जास्त बाउन्सची, म्हणजे फुगीर बुडाची वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) अशा लायवर, म्हणजे चेंडू बसलेल्या जागेवर, उघडून मारली तर तिचं बूड जमिनीवर आपटतं, धार चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या उतारावर जातो. 6 ते 8 डिग्री बाउन्सची एक वेज जवळ असावी. 56 डिग्रीची 12 बाउन्सवाली बंकरपुरती, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांपुरती ठेवावी, मऊ वाळूत ती लागतेच.

खरं तर ग्रीनजवळ वेज काढायचीच नाही, हेच शिकायला वेळ लागतो. आयर्ननं चेंडू खालून पळवायचा. हिशेब सोपा आहे: 12 मधून आयर्नचा नंबर वजा करा. 7 आयर्नला एक भाग हवेत, पाच भाग जमिनीवर. 9 आयर्नला एकास तीन. हा हिशेब सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचा. जून-जुलैत पाऊस नसेल तर इथे त्याहून पुढे पळतो, म्हणून चेंडू टाकायची जागा एक पाऊल अलीकडे घ्या. ग्रीनबाहेर वीस यार्डांपर्यंत गवत आखूड असेल तर सरळ पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी. दिसायला बावळट वाटतं, पण फसला तरी चेंडू दहा फुटांच्या आत राहतो.

वाऱ्याचाही ठोकताळा आहे. समोरच्या वाऱ्यात ताशी एका मैलाला साधारण एक टक्का अंतर वाढवा, पाठच्या वाऱ्यात अर्धा टक्का कमी करा. ताशी 20 मैलांचा वारा समोरून असेल तर 150 यार्डांचा शॉट 180 चा होतो, आणि तोच वारा पाठीमागून असेल तर 135 चा. चूक होते ती जोर लावण्यात. जोरात मारलं की चेंडूची फिरकी वाढते, फिरकीनं तो आणखी वर चढतो आणि हवेत थबकून तिथेच खाली येतो. दोन नंबर खालचं, म्हणजे जास्त लांब मारणारं आयर्न घ्या, ग्रिप एक इंच खाली धरा, चेंडू उजव्या पायाकडे एक चेंडूभर सरकवा, स्विंग पाऊण ठेवा आणि शेवटी हात छातीच्या वर जाऊ देऊ नका. डावखुऱ्यांनी बाजू उलटी समजावी.

आता ओल्ड कोर्स. नाव मोठं असलं तरी पहिल्या फेरीत तो बहुतेकांना सपाट माळरान वाटतो. कोर्स घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो, त्यामुळे जातानाही आणि येतानाही डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे, म्हणजे खेळायचा कापलेला पट्टा असतो. जाताना उजवीकडे काटेरी गॉर्सची झुडपं असतात, येताना बऱ्याच होलना उजवीकडे हद्दीची भिंत किंवा कुंपण. म्हणून ‘डावीकडे मार’ हा इथल्या कॅडींचा, म्हणजे बॅग वाहून सल्ला देणाऱ्यांचा पाढा आहे. ज्यांचा चेंडू स्लाइस होऊन, म्हणजे उजवीकडे वळत जातो त्यांना हा कोर्स निर्दयी वाटतो, त्यांनी सर्वांत लांब मारणाऱ्या ड्रायव्हरऐवजी 3 वुड घ्यावी. पण डावीकडे फुकट काहीच नाही, तिकडून ग्रीनचा कोन बिघडतो आणि मध्ये बंकर येतात. हे गणित दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उलगडतं, आणि बाहेरून येणाऱ्याला दुसरी फेरी क्वचितच मिळते. ‘एकदा खेळावा’ म्हणण्यामागे हीच अडचण आहे.

इथली सात ग्रीन जोडग्रीन आहेत, आणि त्यांच्या नंबरांची बेरीज नेहमी 18: दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, असं आठवं-दहावं इथपर्यंत. फक्त 1, 9, 17 आणि 18 ही ग्रीन एकटी आहेत. व्यवहारात याचा अर्थ असा की ग्रीनवर असूनही तीस पावलांचा पट (पटरचा फटका) उरतो. फेरीआधी सराव ग्रीनवर सहा फुटांचे पट करत बसण्यापेक्षा पन्नास-साठ फुटांचे करा. वाऱ्यात चेंडू हलू नये म्हणून ग्रीन फार वेगवान ठेवत नाहीत, त्यामुळे लांबचा पट हमखास तोकडा पडतो.

बंकर 112 आहेत आणि निम्मे टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसत नाहीत. गवताच्या जाड चकत्या विटांसारख्या एकावर एक रचून त्यांची पुढची भिंत उभी केलेली असते. आजूबाजूची जमीनही बंकरकडे उतरते, म्हणजे बंकर कागदावर आहे त्यापेक्षा मोठा धरायचा. चेंडू भिंतीपासून दोन फुटांच्या आत असेल तर झेंड्याकडे पाहूच नका. आडवा किंवा मागे काढा. तोही मार्ग नसेल तर 2019 पासूनच्या नियमानुसार दोन दंडाचे फटके घेऊन बंकरच्या बाहेर, मागच्या रेषेवर चेंडू टाकता येतो. चौदाव्या होलच्या हेल बंकरमध्ये तीन फटके वाया घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

सतराव्या होलवर जरा थांबू. पार 4, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा; स्पर्धेच्या टीवरून 495 यार्ड. टीवरून समोर फेअरवे नाहीच, हॉटेलच्या आवारातली शेड दिसते आणि तिच्यावर हॉटेलच्या नावाची अक्षरं. चेंडू त्या अक्षरांवरून मारायचा. भीतीनं डावीकडे गेलात तर रफ (वाढलेलं गवत) आणि ग्रीनला सर्वांत वाईट कोन. ग्रीन लांबट, अरुंद आणि तिरकं आहे. पुढच्या डाव्या अंगाला रोड बंकर असा घुसलाय की ग्रीनवरून हळू मारलेला पटसुद्धा त्यात घरंगळतो. मागे डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत. रस्त्यावर चेंडू थांबला तर फुकट सुटका नाही, आहे तिथून खेळायचा. भिंतीपलीकडे गेला तर हद्दीबाहेर. म्हणून दुसरा फटका ग्रीनच्या उजव्या तोंडाशी, दहा-पंधरा यार्ड तोकडा ठेवा, तिथून पटरनं चढवा आणि पाच लिहून पुढे चला. इथे पाच म्हणजे चांगला स्कोअर. चार मिळवायच्या हट्टात सात-आठ होतात.

अठराव्याला पुढच्या डाव्या अंगाचा खोलगट भाग, म्हणजे व्हॅली ऑफ सिन, वेजनं पार करायचा मोह होतो. चेंडू तोकडा पडला की परत पायाशी येतो. त्याच खोलगटातून पटर चांगला चालतो.

ओल्डवर खेळायची वेळ मिळवायचे साधे मार्ग दोन. एक, सोडत: किमान दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडू, खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी 2 पर्यंत नावं द्यायची, निकाल त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. मंगळवारी खेळायचं तर रविवारी अर्ज. दुसरा, एकट्यांसाठी: पूर्वी पहाटेच्या अंधारात रांग लागायची, 2024 पासून आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन, ओळखपत्र दाखवून एकट्यांच्या सोडतीत नाव घालायचं. दोन्हींसाठी आपल्या क्लबचं हँडिकॅपचं (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) अधिकृत प्रमाणपत्र हवं. रविवारी कोर्स खेळाला बंद असतो, गावातली माणसं कुत्री घेऊन फिरतात. खेळाआधीच्या रविवारी तिथे जाऊन शेवटचे चार होल चालून या. पैसे पडत नाहीत, आणि बंकर कुठे लपलेत ते परतीच्या बाजूनं नीट दिसतं. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल स्पर्धेसाठी ओल्ड, किंग्जबार्न्स आणि शेजारच्या अँगसमधलं कार्नूस्टी अडकलेले असतात. 2027 मध्ये ओपन ही मोठी स्पर्धा इथेच आहे, तेव्हा त्या उन्हाळ्याचा बेत जपून.

2024 च्या उन्हाळ्यात ओल्ड कोर्सची फी 320 पौंड होती. न्यू कोर्स त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत होतो. नावानं न्यू असला तरी तो 1895 चा, ओल्ड टॉम मॉरिसच्या हातचा, आणि ओल्डला अगदी लागून. जमीन तीच, वारा तोच, पण होलची वाट डोळ्यांना दिसते आणि चांगल्या फटक्याला चांगलं फळ मिळतं. पहिल्यांदा येणाऱ्यानं ओल्डच्या आधी एकदा न्यू खेळलाच पाहिजे, मग वर सांगितलेली आयर्नची आणि वाऱ्याची गणितं तिथे गिरवून होतात. जुबिली समुद्राच्या सर्वांत जवळ आणि अरुंद. 15 च्या वर हँडिकॅप असेल तर वाऱ्याच्या दिवशी टाळा. हॅरी कोल्टनं 1914 मध्ये केलेला ईडन बराच सोपा, ग्रीन मात्र लाटांसारखी. स्ट्रॅथटायरम आणि नऊ होलचा बाल्गोव्ह हे मुलांना किंवा नवशिक्यांना घेऊन जायला.

2008 चा कॅसल कोर्स सेंट अँड्र्यूजचे हे कोर्स चालवणाऱ्या ट्रस्टचाच, गावाबाहेर कड्यावर. फोटोत सर्वांत देखणा तोच. तरी आमच्या यादीत खाली. पूर्वीच्या शेतजमिनीवर बांधलेला असल्यामुळे पावसानंतर वाळूसारखा लगेच कोरडा होत नाही, आणि ग्रीनवरचे उंचवटे इतके आहेत की चांगला अॅप्रोचसुद्धा, म्हणजे ग्रीनवर मारलेला फटकाही, नशिबावर जातो. सतरावा, कड्याच्या दरीवरून मारायचा पार 3, तेवढा अविस्मरणीय.

किंग्जबार्न्स 2000 साली उघडला, तोही शेतजमिनीवर, पण वाळूचे उंचवटे इतके बेमालूम रचलेत की ते मशीननं केलेत हे सांगावं लागतं. फी ओल्डपेक्षाही जास्त, देखभाल अव्वल, हिवाळ्यात बंद. एका राउंडसाठी पैसे वसूल होतात. दुसऱ्यासाठी इली गाठा.

इली म्हणजे सोळा पार 4 आणि दोन पार 3, पार 5 एकही नाही. पहिल्या टीसमोर टेकाड असल्यानं पुढे कोण चाललंय ते दिसत नाही, म्हणून स्टार्टरच्या, म्हणजे खेळाडूंना पाळीनं सोडणाऱ्याच्या खोपटात खऱ्या पाणबुडीचा, एचएमएस एक्सकॅलिबरचा, पेरिस्कोप बसवलाय. त्यातून फेअरवे मोकळा दिसला की स्टार्टर हाक देतो. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत समुद्र अगदी बाजूला. पाच वेळा ओपन जिंकलेला जेम्स ब्रेड शेजारच्या अर्ल्सफेरीचा, त्याच होलांवर वाढलेला. कोर्स छोटा, पण लपलेल्या टेकाडांमुळे डोकं लावावं लागतं, आणि चार तासांच्या आत राउंड उरकतो. याउलट ओल्डवर सातवा आणि अकरावा होल एकमेकांना छेदतात, तिथेच गर्दी तुंबते.

क्रेलचा बाल्कोमी पार 69, सहा पार 3, आणि शेवटही पार 3 वर. आकडे बघून हलका समजू नका. तेरावा चढावरचा लांब पार 3 आहे आणि समोर वारा असला तर त्याला ड्रायव्हर लागतो. अँस्ट्रदरला नऊच होल, पण पाचवा, ‘रॉकीज’, खडकामागे दडलेल्या ग्रीनचा पार 3, पाहण्यासारखा. तिथे चार हे पारच धरा. लंडिन आणि लेव्हन हे एकेकाळी एकच कोर्स होते, 1909 मध्ये वेगळे झाले. लेव्हनच्या अठराव्याला ग्रीनपुढूनच ओढा जातो. दुसऱ्या फटक्याला शंका असेल तर अलीकडेच थांबा. डंबार्नी 2020 चा, फेअरवे ऐसपैस, चेंडू हरवायची भीती कमी.

मोसमाचं म्हणाल तर मे महिना उत्तम: गॉर्स पिवळं धमक फुललेलं, जमीन कडक व्हायला लागलेली, उजेड रात्री नऊच्या पुढे. जूनमध्ये दहापर्यंत खेळता येतं. अडचण पूर्वेच्या वाऱ्याची, कारण त्याच्याबरोबर समुद्रावरून ‘हार’ नावाचं धुकं येतं आणि अर्ध्या तासात झेंडा दिसेनासा होतो; अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरचा लेसरही त्यात अडतो, म्हणून यार्डेज बुक, म्हणजे अंतरांची पुस्तिका, खिशात असू द्या. नोव्हेंबर ते मार्च ओल्ड कोर्सवर फेअरवेमध्ये छोटी मॅट अंथरून तिच्यावरून खेळावं लागतं. फी कमी असते, पण घट्ट लायचं सगळं कौशल्य तिथे निरुपयोगी होतं.

सामानात छत्री नकोच, वाऱ्यात टिकत नाही. पावसाचे हातमोजे दोन्ही हातांचे घ्या, भिजल्यावर त्यांची पकड उलट वाढते. सहा चेंडू पुरतात. गॉर्समध्ये गेलेला शोधायला आत शिरू नका. बॅग हलकी आणि खांद्यावरची, कारण सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही: ल्यूकर्सला उतरून बस किंवा टॅक्सी. किनाऱ्यावरच्या कोर्सांसाठी 95 नंबरची बस क्रेल, अँस्ट्रदर, इली करत लेव्हनला जाते. लेव्हनला 2024 पासून पुन्हा रेल्वे सुरू झाली आहे, त्यामुळे एडिनबरोहून थेट लेव्हनलाच उतरून इलीला दुपारची वेळ धरता येते.